पंधरावं फळ

"आधी पंधरा फळं होऊ देत, मग करवत लावा," मुलगी अंगणातल्या लाकूडतोड्याला म्हणाली आणि वडिलांना हाताला धरून आत घेऊन आली.

यहुदी पंचांगाप्रमाणे आज झाडांचं नवं वर्ष होतं. तिथी पंधरावी, म्हणून ताटात पंधरा प्रकारची फळं मांडायची आणि प्रार्थना म्हणून एकेक तोंडात घालायचं. आणि नेमक्या या दिवशी म्हाताऱ्याला अंगणातलं अंजिराचं झाड तोडायचं होतं. मुहूर्त तरी काय शोधला होता.

मुलीनं सकाळपासून समजावून पाहिलं होतं. फळझाड तोडायला आपल्या धर्मात मनाई आहे, तेही सांगून झालं.

"नियम मी पुष्कळ पाळले," ते म्हणाले. "आता एक मोडू दे."

पुष्कळ म्हणजे सगळेच. गृहस्थ वजनमाप खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षं दुकानांतली वजनं उलटी करून बुडाचा शिक्का बघण्यात गेली. निवृत्त झाले तरी हाताची सवय जाईना. कप, घड्याळ, पाहुण्यांनी आणलेला मिठाईचा डबा, हातात येईल ते आधी उलटं करून बघायचे. बायको म्हणायची, बरं झालं मी हातात मावत नाही.

हे झाड तिनंच लावलेलं. त्यांनी त्याच दिवशी भिंतीवर खडूनं तारीख टाकली. नवं झाड लावलं की तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही, असा धर्माचा नियम. तोवर ते देवाचं. माणूस थांबायला शिकला की मग ते त्याचं. आणि झाडाचं वय मोजायचं ते या नव्या वर्षाच्या दिवसापासून. झाड दुसऱ्याच वर्षी फळाला आलं, तर हे रोज सकाळी चष्मा लावून अंजिरं मोजायचे. रोज दोन-चार कमी भरायची.

"पक्षी हो," बायको सांगायची.

त्यांनी जाळी लावली, जुने चमचे टांगले, एकदा तर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले आणि तिथेच घोरायला लागले. पक्षी मोठे वस्ताद होते. जाळी जागच्या जागी आणि अंजिरं गायब.

मग ती आजारी पडली. गेल्या हंगामाच्या शेवटी, अंथरुणातून खिडकीबाहेर बघत तिनं मागितलं, "ते वरचं शेवटचं अंजीर द्या ना काढून."

"झाडांचं नवं वर्ष होऊ दे. फक्त चार महिने राहिलेत," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघून हसली. "बरं बाई. तुमचंच खरं."

दोन महिन्यांत ती गेली. शेवटचं अंजीर फांदीवरच सुकून पडलं. तेव्हापासून त्यांना त्या झाडाकडे बघवत नव्हतं. जन्मात तिनं एक फळ मागितलं आणि आपण तिला तारीख दिली, एवढंच डोक्यात फिरत होतं. आज तीन वर्षं पुरी झाली होती. येत्या हंगामापासून त्या झाडाचं फळ खायला कुणाची हरकत नव्हती. तेच त्यांना सहन होत नव्हतं.

खजूर झाला, मनुका झाल्या, बदाम, सफरचंद, ऑलिव्ह, सगळं झालं. मुलीनं मोजलं. चौदा.

"थांबा, आईच्या कपाटात मुरंब्याची एक बरणी उरलीय."

अंजिराचा मुरंबा. गेली दोन वर्षं बायको तो वाटीत घालून द्यायची, बाजारातून चांगली अंजिरं मिळाली म्हणायची. बरणी कधी टेबलावर यायची नाही. आज वाटी काढायचं मुलीच्या लक्षात आलं नाही. त्यांनी प्रार्थना म्हटली, चमचा तोंडात घातला आणि डोळे भरून आले.

"बाजारातला माल हिला बरोबर कळायचा," ते म्हणाले. "आपल्या झाडाला ही चव आली नसती."

सवयीनं त्यांनी बरणी उलटी केली. बुडाला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. ती त्यांनी वाचली. चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग खांदे हलायला लागले. मुलीला आधी वाटलं, रडताहेत.

"साहेब, उशीर होतोय. तोडू ना?" लाकूडतोड्यानं खिडकीतून विचारलं. त्याच्यामागे झाड उघडंबोडकं उभं होतं. या दिवसांत ते बाहेरून वाळलेलंच दिसतं, आत रस चढायला लागलेला असतो.

"नको," ते म्हणाले. "करवत ठेव आणि आत ये. मुरंबा खाऊन जा."

मुलीनं बरणी हातातून घेतली. खाली आईचं अक्षर होतं.

"आपलंच झाड, तिसरं वर्ष. मला गोड लागला. ह्यांनी दोनदा मागून घेतला."