नुसता फुटाणा

पाचव्या नळीतही रक्ताच्या गुठळ्या झाल्या. रक्तपेढीतल्या मितालीनं नळी उजेडासमोर धरून श्रीकृष्ण गुरुजींना दाखवली. नासलेल्या दुधासारखे आत कण झाले होते, म्हणजे हेही रक्त जुळत नव्हतं. रक्त द्यायला तांड्यावरून आलेले पाचही जण ओ गटाचे. बाळंतपणात रक्त जाऊन वॉर्डात पांढरीफटक पडलेली वर्षाही ओ गटाचीच. तसं तिच्या शाळेच्या ओळखपत्रावर लिहिलेलं होतं, आणि ते अक्षर गुरुजींचं होतं. त्या अक्षरावर विसंबून ओवाले गोळा करण्यात दीड दिवस गेला होता.

तांड्यावरच्या शाळेत रक्तगट शिकवायचा तर गुरुजी साखरफुटाणे आणत. गुलाबी म्हणजे ए, पांढरा म्हणजे बी. आपल्या रक्ताच्या पेशींवर अशीच साखर असते, ते सांगत. अंगातले पहारेकरी ती साखर बघूनच घरचा कोण नि परका कोण ते ठरवतात. मग एक फुटाणा तोंडात घोळवून, साखर उतरवून पोरांपुढे धरत. हा ओ. याच्यावर काहीच नाही, म्हणून हा सगळ्यांना चालतो. तास संपला की उरलेले फुटाणे वर्षा वाटायची. धाकटा भाऊ इंद्रजीत आपला वाटा संपवून तिच्यापुढे हात करायचा, आणि ती द्यायची.

"ओ वर काहीच नाही असं नसतं, गुरुजी," मिताली म्हणाली.

त्याच्यावरही अगदी तळाची, पायाभूत अशी एक साखर असते, तिनं सांगितलं. ती जवळजवळ सगळ्यांपाशी असते. वर्षाच्या पेशींवर तीच नाही. साध्या तपासणीत असा माणूस ओच दिसतो, पण त्याच्या अंगाला ओ रक्तसुद्धा परकं. चढवलं, तर अंग त्याच्यावर तुटून पडतं. वर्षाचा नवरा नागपूरला गेला होता. तिथूनही तसली पिशवी नसल्याचा फोन आला. सख्ख्या भावंडात कधीकधी जुळतं, मिताली म्हणाली.

भाऊ दोन वर्षं वर्षाशी बोलत नव्हता. बाप गेल्यावर तिनं हक्कसोडपत्रावर सही दिली नाही, सातबाऱ्यावर आपलं नाव राहू दिलं, एवढंच कारण. पण आईनं, हंसाबाईनं, फोनवर विनवणी केली आणि तो सकाळी येऊन नमुना देऊन गेला. दुपारी मितालीनं सहावी नळी उजेडासमोर धरली. आत एकही कण नव्हता. इंद्रजीतचं रक्त जुळलं होतं.

इंद्रजीत परत आला तो हक्कसोडपत्र टाइप केलेला स्टॅम्पपेपर घेऊन. बाही वर करण्याआधी त्यानं तो गुरुजींच्या हातात दिला आणि साक्षीदाराची जागा बोटानं दाखवली.

गुरुजी त्याला समजावत राहिले. वर्गात हातचा समजावताना चढत नसे, तसा आताही त्यांचा आवाज चढला नाही. बहीण हातची चालली आहे, कागद मागून होईल, मी स्वतः मध्यस्थी करतो, असं सगळं सांगून झालं. त्यानं ते शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकून घेतलं.

"मी कुठं नाही म्हणून राह्यलो, गुरुजी? रक्त देतोच न," तो म्हणाला. "पण बरी झाली का ते काही सही करत नाही. तुमचीच शिकवेल आहे."

आतून मितालीनं घड्याळाकडे बोट केलं.

गुरुजी कागद घेऊन वॉर्डात गेले. वर्षानं तो वाचला. सगळा वाचला, ओठ हलवत. मग पेन मागितलं. सही येत असेल त्या माणसानं अंगठा देऊ नये, हे तिसरीतल्या वर्षाला गुरुजींनीच सांगितलं होतं. पेन दोनदा बोटांतून गळून पडलं. तिसऱ्यांदा हंसाबाईनंच ते उचलून बाजूला ठेवलं, लेकीचा अंगठा शाईच्या गादीवर दाबला, मग कागदावर. खाली गुरुजींनी सही केली. ओळखपत्रावरच्याच वळणदार अक्षरात.

संध्याकाळी पिशवी लागली. पहिली पंधरा मिनिटं नर्स खाटेपासून हलली नाही. अंगाला रक्त परकं वाटलं तर याच वेळात थंडी वाजते, ताप भरतो. गुरुजीही मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. वर्षाला थंडी वाजली नाही.

"मानवलं का जी?" हंसाबाईनं विचारलं.

"मानवलं," गुरुजी म्हणाले. "तिच्या रक्तानं त्याला परकं नाही मानलं."

हंसाबाई ओढणीचं टोक पाण्यात भिजवून लेकीच्या अंगठ्यावरची शाई पुसत होती. ती निघत नव्हती.