हरकत क्रमांक एक्केचाळीस

"सुनावणी रद्द," कारकून मान वर न करता म्हणाला. "काल संध्याकाळी आचारसंहिता लागली. दारावर कागद लावलाय, वाचता येत नाही का?"

ती दीड वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन उभी होती. सरकारी पाळणाघर बंद करू नका, हे तिचं म्हणणं आज अकरा वाजता ऐकून घेणार होते. शिलाई कारखान्यातल्या त्र्याऐंशी बायकांच्या हरकती तिनेच जेवणाच्या सुट्टीत फिरून गोळा केल्या होत्या. त्यांच्यावर क्रमांक घालून मागच्या महिन्यात ह्याच टेबलावर ठेवल्या होत्या.

"मग पुढची तारीख?"

"निवडणूक होईल, नवं सरकार येईल, नवी नोटीस निघेल. तेव्हा नव्यानं हरकती द्या. तोवर आम्हाला काही ऐकता येत नाही."

"म्हणजे तोवर पाळणाघर चालू."

"ते कसं? ते एक तारखेला बंद. तो निर्णय आचारसंहितेच्या आधीचा."

"बंद करता येतं, फक्त ऐकता येत नाही?"

"ओ बाई, मला अक्कल शिकवू नका. आता निवडणूक निरीक्षक यायचेत. अजून अर्धी इमारत झाकायचीय."

"मी साहेबांना भेटते."

"साहेब ट्रेनिंगला गेलेत."

केबिनमधून कपात चमचा ढवळल्याचा आवाज आला. कारकुनाने रजिस्टर दाणकन मिटलं.

एक तारखेला चार दिवस उरले होते. मुकादमबाईने सरळ सांगून टाकलं होतं, पोर घेऊन आलीस तर मशीन दुसरीला.

ती वळली. व्हरांड्यात म्हातारा शिपाई स्टुलावर चढून मोठ्या फलकावर खळीने कागद चिकटवत होता. फलकावर मंत्री होते, त्यांच्या कडेवर कुणाचंतरी गुटगुटीत बाळ, आणि खाली 'प्रत्येक आईच्या पाठीशी'. नेत्यांचे चेहरे झाका, एवढाच हुकूम होता. बाळाला आचारसंहिता लागू नव्हती. ते आपलं कोऱ्या कागदांकडे बघून हसत होतं.

सगळे कोरे नव्हते. खालच्या एका कागदावर लाल खडूच्या रेघोट्या होत्या. तिने हरकत लिहिली त्या दुपारी लेक मांडीत होती, खडू लेकीच्या मुठीत होता. दुसरा कागद घरात नव्हता, म्हणून तोच दिला होता.

"काका, हे कागद कुठले?"

"रद्दीतले." शिपाई ओशाळला. "एका बाजूनं कोरे होते. नवी रिमं सगळी निवडणुकीला गेली, म्हणून साहेबांनीच दिले."

तिने कोपऱ्याखाली नख घातलं. खळ ओली होती, कागद अलगद सुटला. मंत्र्यांचा एक डोळा आणि अर्धं हसू बाहेर आलं.

"ओ! ओ! फाटकाशी गाडी आलीय!" कारकून धावला. "झाका ते आधी!"

केबिनचं दार उघडलं. ट्रेनिंगला गेलेले साहेब मिशीवरचा चहा पुसत बाहेर आले.

"कोण आहे ही? पोलिसांना बोलवा!"

"बोलवा की. त्यांनाही हा डोळा दाखवते." तिचं नख दुसऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर गेलं होतं.

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "ताई, ऐका. चिकटवा ते परत. माझी नोकरी जाईल."

"माझीपण."

तिने कागद पुढे धरला. खळ तिच्या मनगटावरून लेकीच्या फ्रॉकवर ओघळत होती. खळीखाली बॉलपेनची अक्षरं शाबूत होती.

"वाचून द्या. लगेच चिकटवते."

"आत्ता?"

लेकीला तिने दुसऱ्या कडेवर घेतलं.

बाहेर गाडीचं दार वाजलं. साहेबांनी जिन्याकडे पाहिलं, मग त्या उघड्या डोळ्याकडे. कागद दोन बोटांत धरून त्यांनी चष्मा चढवला.

"हरकत क्रमांक एक्केचाळीस," ते पुटपुटले.

"मोठ्यानं," ती म्हणाली.