खाट क्रमांक सतरा

इस्पितळातल्या रिकाम्या खाटांची माहिती देणारी एपीआय सर्व्हरवर चढवली की प्रोग्रामर सुटणार होता. चाचणीसाठी एक खोटा रुग्ण लागतो. त्याने आळसापोटी स्वतःचंच नाव टाकलं होतं, खाट सतरा.

जेवणाच्या सुट्टीआधी त्याने ती नोंद पुसली आणि कोड चढवला. नोंद परत आली. आता तिच्यात रक्तगटही होता, आणि तो बरोबर होता. रक्तगटाचा रकाना त्याने बनवलाच नव्हता.

"जुना डेटा अडकला असेल कुठेतरी. उडव सगळा," शेजारची टेस्टर ताई डबा उघडत म्हणाली.

त्याने अख्खा डेटाबेस रिकामा केला आणि कोड पुन्हा चढवला. यादीत एकच ओळ उमटली. त्याचं नाव, खाट सतरा, दाखल आज सकाळी, सोबत बायको.

"काहीतरीच!" तो हसला खरा, पण टेबलावरच्या ऑफिसच्या फोनवरून त्याने बायकोला फोन लावलाच.

"अगं, मी बोलतोय. कुठे आहेस तू?"

"कोण बोलतंय?" तिचा आवाज दबका होता. "जरा हळू बोला हो. ह्यांचा आत्ताच कुठे डोळा लागलाय."