खोडलेलं नाव

गप्प बसण्यात पंचाचा फायदा एवढाच होता, की बायको चार घास जेवणार होती. थोरला सोन्या अपघातात गेल्यापासून तीन दिवस ती अन्नाला शिवली नव्हती. आज मात्र ती धाकट्या बारक्यापुढे ताट ठेवून म्हणत होती, "जेव रे सोन्या. तू जेवलास की मी जेवते."

बारक्यानं बापाकडे पाहिलं. बाप बावीस वर्षं बेसबॉलचा पंच. दोन्ही संघांच्या नावांची कार्डं त्याच्या खिशात असायची. बदली खेळाडू आला की आधीचं नाव खोडायचं. खोडलेला त्या सामन्यात परत येत नाही. आणि भलत्याच क्रमानं फलंदाज उभा राहिला, तर पंचाला कार्डावर दिसतं, पण समोरच्या संघानं हरकत घेईपर्यंत त्यानं ब्रसुद्धा काढायचा नाही.

मैदानात ज्याच्या आवाजानं चिमण्या उडायच्या, तो माणूस पाण्याच्या ग्लासकडे बघत बसला. हरकत घेऊ शकेल असा घरात उरला होता एकटा बारक्या.

"अगं आई, मी..." त्यानं सुरुवात केली.

आईनं त्याच्या केसांतून हात फिरवला. "बारक्याला नेलं रे देवानं. तू तरी राहिलास, सोन्या."

बारक्यानं ताट पुढे ओढलं. "हो आई. वाढ. भूक लागलीये."



आई पोटभर जेवली, बापाचा घोर मिटला, आणि दोन्हींची किंमत बारक्यानं चुकती केली, जिवंतपणी स्वतःचं नाव खोडून.