मुरथलपर्यंतच्या पुरचुंड्या

पिशवीच्या तळाशी सुमेधाच्या हाताला गाठी लागल्या. तिने एकेक बाहेर काढली. कर्नाल, पानिपत, मुरथल. पंधरा दिवसांपूर्वी तिनेच बांधलेल्या तीन पुरचुंड्या. एकीचीही गाठ सुटलेली नव्हती.

खाली निशांतच्या गाडीचा हॉर्न वाजला. कोर्टाने ठरवून दिल्याप्रमाणे एक शनिवार आड तो मुलांना गुरुग्रामला, आपल्या नव्या घरी घेऊन जाई आणि रविवारी चंदीगडला आणून सोडी. पहिल्या तीन खेपांना चार वर्षांच्या अंकुरने आकांत मांडला होता. रडून रडून उलट्या केल्या होत्या. तिसऱ्या खेपेला निशांतने अंबाल्याहूनच फोन केला, "सुमेधा, हाल होतात गं पोराचे. असंच असेल तर मी पुढच्या वेळेपासून नाही येत न्यायला."

सुमेधाला ते नको होतं. नवरा गेला तो गेला, पण बाप असताना पोरं पोरकी करायची तिची तयारी नव्हती. तिने देवापुढे हात जोडले आणि अंकुरचं रडू थांबेपर्यंत गोड सोडलं. नुसतं गोड सोडून भागत नाही, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून जुन्या लुगड्याचे चौकोन कापून तिने पुरचुंड्या बांधल्या. वाटेवरच्या एकेका गावाची एकेक. गाव आलं की गाठ सोडायची, त्याआधी नाही. अंबाल्याला चुरमुऱ्याचा लाडू. कर्नालला रंगीत माती. पानिपतला बोटांवर चढवायच्या चिमुकल्या बाहुल्या. मुरथलला आवळासुपारी आणि एक भोवरा. प्रत्येकीत एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीत गोष्टीचा पुढचा तुकडा. तो आठ वर्षांच्या क्षितिजाने भावाला वाचून दाखवायचा.

चौथ्या खेपेला अंकुर रडला नाही. पाचव्याही नाही. सुमेधाने नारळ फोडला, खोबऱ्याबरोबर साखरेचा दाणा तोंडात टाकला. ऑफिसातल्या सुमन मॅडम नातवाला घेऊन सिमल्याला निघाल्या होत्या, त्यांना तर तिने सगळी युक्ती कागदावर लिहून दिली.

आणि आता या तीन गाठी.

"क्षितिजा, हे काय गं? उघडल्याच नाहीत?"

क्षितिजा खाली बसून बुटाचे बंद बांधत होती. "अंबालावाली खोली थी ना."

"आणि बाकीच्या?"

"त्याला टाइमच नसतो, आई."

"सहा तास गाडीत बसून टाइम नसतो?"

क्षितिजाने वर पाहिलं. उठून तिने खोलीचं दार लोटून घेतलं. "ओरडणार नाहीस ना? पक्का?"

"नाही ओरडणार. बोल."

"मी त्याला सांगितलंय, आई मागच्या गाडीत आहे. आपल्या पाठोपाठ येतेय. मग तो पूरा टाइम पीछेच बघतो. हात हलवतो. हलवता हलवता झोपून जातो."

"आणि उठल्यावर?"

"मी सांगते, तू झोपला होतास ना, तेव्हा आई येऊन पापी घेऊन गेली."

सुमेधा पलंगावर टेकली. पोरांशी खोटं बोलायचं नाही, हा तिचा नेम होता. निशांत घर सोडून गेला तेव्हा शेजारणीने सुचवलं होतं, सांगून टाका पापा टूरवर गेलेत म्हणून. तिने नव्हतं सांगितलं. मुलांना समोर बसवून, जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत, खरं तेच सांगितलं होतं. आताही तेच करायचं होतं. अंकुरला मांडीवर घ्यायचं आणि म्हणायचं, राजा, मी मागे नसते रे. मी इथेच असते, तू येईपर्यंत.

दार धाडकन उघडलं. अंकुरने धावत येऊन तिच्या गुडघ्यांना मिठी मारली. त्याच्यामागे उंबऱ्यात निशांत.

"चला, चला. झिरकपूरला ट्रॅफिक लागेल," तो म्हणाला. मग पिशवी उचलता उचलता जरासा हसला. "पुरचुंड्या भरल्यास ना? मानलं हं तुला. माझी तर हिंमतच नव्हती राहिली."

तो जिना उतरू लागला. अंकुरने आईचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं.

"आई, पिछली बार आप व्हाइटवाली गाडी में थीं ना? पण व्हाइट तो बहुत सारी थीं. मैं कन्फ्यूज हो गया."

सुमेधाने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

"आज रेडवाली लाना. मग मला लगेच कळेल. लाओगी ना?"

क्षितिजा दाराशी उभी होती. ती आईकडेच बघत होती. खालून पुन्हा हॉर्न वाजला.

"हो," सुमेधा म्हणाली. "लाल आणते."

त्याने तिच्या गालाची पापी घेतली आणि एकेक पायरी गाळत, उड्या मारत खाली गेला. ती मागोमाग उतरली, फाटकापर्यंत आली. गाडी हलली. मागच्या काचेला नाक चिकटवून अंकुर हात हलवत होता, हसत होता. सुमेधानेही हात वर केला.

पण तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्यावर, तो त्याच्या आईला शोधत होता.