वास नसलेली शेंग

दोन वर्षं रानं पालथी घातल्यावर वनस्पती-अभ्यासक देवश्रीला हवा तसा वेल दिसला, तोही वरुणा गावात, सोयराबाईंच्या शिवणाच्या खोलीमागच्या कुंपणावर. पण हा दुर्मीळ रानवाल, की म्हैसूरच्या बाजारात ढिगाने मिळणारी वालाची शेंग, अवरेकाई, हे काही ठरेना. पान तेच, फूल तेच. सकाळपासून ती भिंग लावून शेंगेवरची लव न्याहाळत होती.

शेवटी गळ्यातली टेप सावरत सोयराबाई बाहेर आल्या. त्यांनी एक शेंग तोडली, बोटांत चुरडली आणि नाकाला लावली.

"अय्यो, ह्याला सोगडूच नाही! अवरेकाईचं कसं, बोटाला तेल लागतं, घमघमाट सुटतो. वास घेतल्याबिगर आम्ही बाजारात पिशवी उघडत नाही."

देवश्रीने शेंग हुंगली. कसलाच वास नाही! तिने सोयराबाईंना मिठीच मारली.

"मावशी, दोन वर्षांत मला हा एकच वेल मिळालाय. जीवापाड जपा ह्याला!"

सोयराबाईंचा चेहरा पडला. "मी तर दरवर्षी उपटते गे. ना वास, ना चव. वाळक्या शेंगांसकट कालव्यापलीकडं फेकून देते. तरी पुन्हा उगवतो मेला."

"किती वर्षं फेकताय?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

देवश्री धावतच कालव्यावर गेली. पलीकडचा अख्खा काठ, नजर पोचेल तिथवर, त्याच वेलाच्या जांभळ्या फुलांनी भरून गेला होता.

मागून धापा टाकत सोयराबाई आल्या आणि हळूच म्हणाल्या, "लई चुकलं का गे माझं?"