सरांच्या डब्याचं झाकण

सौरपट्टी जमली. प्लॅस्टिकवर शाईसारखी छापायची, उन्हात ठेवायची आणि वीज घ्यायची. सोलापुरात हे जमलं. पण आपण काही ऐकलंच नाही असं धरून चालू. विभागप्रमुख उदयसिंह सरांनीही तसंच धरलं होतं.

तर, जमत नव्हतं. दोन वर्षं सरांची संशोधक विद्यार्थिनी रुद्राणी प्रयोगशाळेत पट्टी छापत होती आणि पट्टी दुपारपर्यंत तडकत होती. सर दर सोमवारी यंत्राचा वेग बदलायला सांगत. सगळे वेग संपल्यावर त्यांनी यंत्राचं तोंड पूर्वेला करून घेतलं. पट्टी पूर्वेकडे तोंड करून तडकली. आता महिन्याभरात समिती येणार होती. तिच्यासमोर तडकली की प्रकल्प बंद, आणि रुद्राणी परत आपल्या गावी, मैंदर्गीला.

अशात छपाईची जाळी ताणायला निंगप्पा आला. लग्नपत्रिका छापणारा माणूस. त्याने ओली पट्टी पाहिली, वरचा पंखा पाहिला, मग सरांना पाहिलं. यातलं पंखा बंद करणं तेवढं त्याच्या हातात होतं, ते त्याने केलं.

"ताई, शाई लई बेगीनं वाळतीय. दमानं वाळू द्या की."

टेबलावर सरांचा जेवणाचा डबा होता. निंगप्पाने त्याचं झाकण काढलं, त्याला लागलेली शेंगाचटणी शर्टाला पुसली आणि झाकण पट्टीवर पालथं घातलं. "मे महिन्यात सोनेरी पत्रिकेवर आमी घमेलं घालतो. न्हायतर नवरदेवाचं नाव तडकतंय."

"हे संशोधन आहे," सर म्हणाले. "स्वयंपाक नव्हे."

"व्हय सर. स्वयंपाक असता तर दोन वर्षं कुणी खाल्ला नसता."

पट्टी तडकली नाही. गच्चीवर त्रेचाळीस डिग्रीत वीस दिवस पडून राहिली आणि एकविसाव्या दिवशीही तेवढीच वीज देत राहिली.

समिती आली. सरांनी झाकणाला 'नियंत्रित बाष्पकक्ष' म्हटलं. समितीने वाकून पाहिलं, माना डोलावल्या, एकाने झाकणासोबत फोटो काढून घेतला. प्रकल्प वाचला.

मग शोधनिबंधावरच्या नावांची यादी लागली. पहिलं सरांचं. दुसरं रुद्राणीचं. तिसरं सरांच्या पत्नीचं, रेश्मा मॅडमचं.

"मॅडमचं कसं, सर?"

"झाकण त्यांचं आहे."

"आणि निंगप्पा?"

"त्याने ते फक्त ठेवलं." सरांनी डबा उघडला. "आणि बाई, यादीवर हरकत घेणाऱ्याचं नाव यादीत राहत नाही."

रुद्राणीने यादीतलं आपलं नाव एकदा नीट वाचून घेतलं. मग कोरा कागद ओढला.

'प्रति, मा. विभागप्रमुख. महोदय, सदर यादीतील दुसरी जागा या अर्जामुळे रिकामी होत असल्याने, तेथे झाकण ठेवणारे श्री. निंगप्पा यांचे नाव घालण्यास मान्यता मिळावी, ही नम्र विनंती.'